पंपात उरलेलं औषध

चौथ्या ग्रीनवर तेवीस ठिपके होते. हर्षालीने ते दोनदा मोजले, एकदा झेंड्याकडून पाण्याच्या बाजूला जात आणि एकदा उलट येत. सगळ्यात लहान ठिपका अकरा सेंटिमीटर रुंद होता, सगळ्यात मोठा एकोणीस. ठिपक्याच्या मध्यभागी गवत काळपट पडलं होतं आणि चिमटीत धरलं की भुगा होऊन हातात येत होतं. कडेने बोटभर पिवळी रेघ. बाकीचं चारशे ऐंशी चौरस मीटर गवत हिरवंगार. ओलावा तिने सहा ठिकाणी तपासला, सगळीकडे अठरा ते बावीस टक्क्यांच्या आत. भिंगाखाली बुरशीचा धागा दिसला नाही. माती उकरून पाहिली, अळी नव्हती. पश्चिमेच्या कडेला मेंढ्यांच्या खुरांचे नऊ ठसे होते.

दोन ठिपक्यांमधलं अंतर मात्र तिने मोजलं नाही.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी जिथे डोंगराच्या कुशीत शिरतं, तिथे एका कंपनीने तीन वर्षांपूर्वी रिसॉर्ट बांधलं आणि त्याला लागून नऊ होलांचं गोल्फचं मैदान केलं; प्रत्येक होलाभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा तुकडा म्हणजे ग्रीन. हर्षाली आळे गावची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून इथे मदतनीस म्हणून लागली. दिवाळीनंतर मैदानाचे सुपरिंटेंडंट पुण्याला दुसरीकडे गेले आणि त्यांचं काम तिच्या गळ्यात पडलं. सहा महिने बघू, मग कायम करू, असं कंपनीने सांगितलं होतं. त्यातले चार झाले होते.

तिच्या वडिलांना, भरतरावांना, हे काम अजून पटलेलं नव्हतं. "गवत राखायला एम.एस्सी. लागती व्हय?" ते दर रविवारी फोनवर विचारायचे. सुरुवातीला तिलाही तसंच वाटायचं. मग कळलं की पाण्यातला क्षार दर आठवड्याला बघावा लागतो, मशीनचं पातं कागद कापून तपासावं लागतं, पहाटेचं दव पुसलं नाही तर दुपारपर्यंत बुरशी हातपाय पसरते, आणि ग्रीनवरचं गवत साडेचार मिलिमीटरवर ठेवायचं म्हणजे अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी चेंडू वेगळा धावतो आणि पुण्याहून आलेले मेंबर तोंड वाकडं करतात. शिवाय सात माणसांकडून रोज काम करून घ्यायचं, त्यातली पाच तिच्या वडिलांच्या वयाची.

त्यातलेच एक बहिरूमामा. वय साठीकडे झुकलेलं, धनगराचे, आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. आता चाळीस मेंढ्या उरल्या होत्या, त्या त्यांच्या कारभारणीने, सुंदरामामीने, सांभाळायच्या आणि मामांनी मैदानावर मशीन ढकलायची. पाभरीसारखी सरळ रेघ त्यांच्या इतकी कोणाची येत नसे.

"ताई, आमी जलमभर दुसऱ्याच्या रानातली हरळी खणून काढली," ते म्हणायचे, "आन तुमी पगार घिऊन तीच लावताय. शिकल्यालं मानूस कुटं पोचंल सांगता येत न्हाई."

आणि ते खरंच होतं. ग्रीनवरचं महागडं बियाणं म्हणजे हरळीचंच कुळ.

मेंढ्यांची जुनी वाट चौथ्या ग्रीनच्या मागून जायची, माळावरून थेट धरणाच्या पाण्यावर. मैदान झालं तेव्हा हद्दीच्या कुंपणात आठ फुटांची फट ठेवायचं तोंडी ठरलं होतं. रोज दिवस कलला की सुंदरामामी त्या फटीतून मेंढ्या न्यायची आणि उजेड आहे तोवर माघारी आणायची. कधी एखाददुसरी मेंढी वाट सोडून ग्रीनच्या कडेला तोंड लावायची, मग मामी शिवी हासडायची आणि मेंढी परत रांगेत.

गुरुवारी साडेनऊला रिसॉर्टचे मॅनेजर सुभाषसर छोट्या गाडीतून आले. रविवारी मेंबरांची स्पर्धा होती.

"हे काय झालंय मॅडम? ग्रीनला देवी आल्यात का?"

"बघतेय सर."

सरांची नजर खुरांच्या ठशांवर गेली. "बघायचं काय त्यात. मेंढ्या आल्या, मुतल्या, जळलं. मुतानं गवत जळतं ना?"

"जळतं," हर्षाली म्हणाली. "नायट्रोजन जास्त झाला की जळतं. शक्यता आहे."

बहिरूमामा मशीनला टेकून उभे होते. ते ठिपक्यांकडे बघत म्हणाले, "सायेब, मेंढरू मुततं ते थांबून मुततं. आन ह्ये ठिपकं बघा, एका रांगंत हायती. आमची मेंढरं काय कवायत करत्यात का?"

सुभाषसर हसले. मनापासून हसले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "दुपारपर्यंत रिपोर्ट द्या. पुण्याच्या मुख्य ऑफिसला पाठवतो. त्या फटीचं काय ते एकदा होऊन जाऊ दे."

दुपारी तिने अहवाल लिहिला. ओलाव्याचे सहा आकडे लिहिले, ठिपक्यांचे व्यास लिहिले, बुरशी नाही, कीड नाही असं लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं: संभाव्य कारण, मेंढ्यांचे मूत्र. 'संभाव्य' हा शब्द तिने मुद्दाम घातला होता. तो घालून आपण खोटं बोललेलो नाही असं तिला पाठवायचं बटण दाबेपर्यंत वाटत होतं.

शुक्रवारी मैदानावर कोणी यायच्या आत ती टेप घेऊन ग्रीनवर गेली. तेवीस ठिपक्यांमधली बावीस अंतरं मोजली. सरासरी एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर, आणि फरक जेमतेम पाचाचा. मग ती कडेच्या रस्त्यावर गेली, पाठीवर ओझं आहे असं समजून वीस पावलं चालली आणि टेप लावली. तिची दोन पावलं एकशे एकोणतीस सेंटिमीटर भरली.

मंगळवारी काय झालं ते तिला आठवत नव्हतं असं नाही. तिने ते फक्त उघडून पाहिलं नव्हतं. स्पर्धेच्या आधी रंग यावा म्हणून तिने फेरस सल्फेट आणि युरियाचं द्रावण फवारलं होतं. मोठं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून दांड्याचा साधा पंप पाठीवर घेतला. चौथा ग्रीन झाल्यावर पंपात तीनेक लिटर उरलं. आळ्याला, त्यांच्या कांद्याच्या आणि टोमॅटोच्या रानात, लहानपणापासून एकच रीत: औषध पंपात ठेवायचं नाही आणि फेकायचंही नाही. नोझल काढायचं आणि चालता चालता, दर दोन पावलांना एक दांडा मारत, वाटेतल्या वाफ्यांवर संपवून टाकायचं. ती सहा वर्षांची असल्यापासून वडिलांच्या मागे चालत ते बघत आली होती. टोमॅटोच्या गुडघाभर झाडांना त्याचं काही वाटत नाही. मंगळवारी ती फोन मानेत धरून बोलत होती. एका हाताने नोझल काढलं, आणि सवयीने दांडा मारत ग्रीन ओलांडून शेडकडे निघाली.

शेडच्या दारावर पाटी होती: 'उरलेले औषध ग्रीनवर टाकू नये. धुण्याच्या ओट्यावरच पंप धुवावा.' अक्षर तिचंच होतं.

त्या दिवशी ती सुभाषसरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेली. पहिल्यांदा आत कोणी होतं. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं, तरी ती वळली. पुरावा हवा, असं तिने स्वतःला सांगितलं. पावलांचं माप म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग करायला हवा, नीट, दोन्ही बाजूंचा.

पंपघराच्या मागे रोपवाटिकेचा तुकडा होता, तेच गवत, तेवढंच कापलेलं. तिथे तिने दोरी लावून चोवीस चौकोन आखले. बारांत तेच द्रावण दांड्याच्या एका धारेइतकं टाकायचं, बारांत मेंढीचं मूत्र. मूत्र आणायचं कुठून? संध्याकाळी ती माळावर गेली. सुंदरामामी वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, ताणून बांधत होती.

"मुत?" मामीने दोनदा विचारलं. "मेंढराचं? कशाला ग बाई, औषध करायचं का?"

"तपासायचंय मामी."

"तपासा बाई. आमच्या मेंढरांत काय खोट निघाली तर सांगा." आणि दुसऱ्या दिवशी बहिरूमामांनी टमरेल लावून, मेंढ्यांच्या मागे वाकून वाकून, दीड लिटर गोळा केलं आणि झाकण लावून आणून दिलं. "सोळा मेंढरं लागली बगा," ते म्हणाले. "एक बी नीट उबी ऱ्हात न्हाई. पन तुमच्या तपासाला पायजे म्हटल्यावर काय." त्यांच्या सदऱ्याला वास येत होता. हर्षालीने डबा घेतला आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

रविवारची स्पर्धा तिसऱ्या ग्रीनवर जास्तीचं भोक पाडून निभावली. चौथ्यावर दोरी लावली होती. मेंबर विचारत होते आणि सुभाषसर प्रत्येकाला मेंढ्यांची गोष्ट सांगत होते, प्रत्येक वेळी थोडी वाढवून.

मंगळवारी तारांची वेटोळी आणि लोखंडी खांब घेऊन टेम्पो आला. त्याच दिवशी प्रयोगात औषधाच्या बारापैकी बारा चौकोनांवर काळे ठिपके पडले होते. मूत्राच्या बारापैकी दोन पिवळसर झाले होते, बाकीचे दहा आधीपेक्षा हिरवे. एवढं कोणालाही पुरलं असतं. हर्षालीने वहीत लिहिलं: 'आणखी दोन दिवस निरीक्षण आवश्यक.' लिहिताना तिला कळत होतं की गवतासाठी ते आवश्यक नव्हतं. बाहेर खांबांसाठी खड्डे खणल्याचा आवाज येत होता. ती मान खाली घालून चौकोनांची छायाचित्रं काढत राहिली.

गुरुवारी दुपारी चारला फट बंद झाली.

साडेचारला सुंदरामामी मेंढ्या घेऊन आली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढची मेंढी, कपाळावर पांढरा चट्टा असलेली, नेहमीच्या जागी आली आणि तिने तारेला डोकं लावलं. मागच्या एकोणचाळीस तिच्यावर आदळल्या. एकही ओरडली नाही. मामीने तार हाताने हलवून पाहिली, मग खांब हलवून पाहिला, आणि मैदानाच्या पलीकडे, पाण्याकडे बघत कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दुसरी वाट कुंपणाला वळसा घालून उसातून जायची. त्या उसात मागच्या महिन्यात बिबट्याने कुत्रं उचललं होतं.

हर्षाली चौथ्या ग्रीनवर उभी होती, मामीपासून साठ-सत्तर मीटरवर. ती शेडकडे गेली. बहिरूमामा मशीनचं पातं पुसत होते.

"मामा, मेंढ्यांनी नाही जाळलं ते. मी जाळलं. पंपातलं उरलेलं मी नोझल काढून मारलं. अहवाल मी खोटा दिला."

मामांनी पातं पुसणं थांबवलं नाही. "ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"बुधवारी ग्रीन कापाय गेलो तवापासनं. गवतावर तुमच्या बुटांची रांग दबल्याली व्हती. आन झेंड्याच्या भोकात ती पांढरी वाटी आसती का न्हाई, तिच्यावर तांबूस डाग. गंजावानी. म्या पुसला." त्यांनी फडकं झटकलं. "मेंढरू गंज मुतत न्हाई ताई."

"मग बोलला का नाही?"

"बोललो की. तुमच्या म्होरंच बोललो. सायेब हासलं." त्यांनी पातं उजेडात धरलं. "पुढचं तुमी बोलाल म्हनून थांबलो. आठ दिस झाले."

मामाच पुढे म्हणाले, "आन ते मुत कशाला घेतलं ते बी कळलं व्हतं. सुंदराला म्हटलं, दे, पोरगी खऱ्याकडं चाललीया. जरा लांबच्या वाटनं चालली, येवढंच."

"मी आत्ता सरांना सांगते."

"सांगा. मला सांगून तार निघनार न्हाई."

सुभाषसरांनी सगळं ऐकून घेतलं. प्रयोगाची वही उलटसुलट करून पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. मंचरला त्यांच्या घरी अजून गुरं होती.

"मॅडम, हे तुम्ही मंगळवारी सकाळी सांगितलं असतं तर मी टेम्पो परत धाडला असता," ते म्हणाले. "आता खांब काँक्रीटमध्ये बसले. पुण्याला ती फट पहिल्यापासून नको होती. त्यांना कागद पाहिजे होता, तो तुम्ही दिला."

"दुसरा कागद देते."

"द्या. पण तुमची नेमणूक त्याच लोकांच्या हातात आहे, तेवढं डोक्यात असू द्या."

तिने रात्रीपर्यंत न थांबता तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, दुरुस्त अहवाल लिहिला. तेवीस ठिपके, बावीस अंतरं, तिच्या पावलाचं माप, चोवीस चौकोन. शेवटच्या ओळीत 'संभाव्य' हा शब्द नव्हता. खाली लिहिलं की मेंढ्यांची वाट पूर्ववत करावी.

पुण्याचं उत्तर पुढच्या बुधवारी आलं. दुरुस्त अहवालाची नोंद घेतली आहे. नेमणुकीचा निर्णय पुढे ढकलला आहे. कुंपण काढता येणार नाही. मात्र त्यामुळे पडणारा वळसा तीन किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर चौथ्या ग्रीनमागे फाटक बसवण्यास कंपनी तयार आहे. वळसा जुनी वाट कुंपणाला लागते तिथपासून जुन्या पाणवठ्यापर्यंत धरावा. मोजमाप आपणच करून सोमवारपर्यंत पाठवावे.

बहिरूमामांना तिने उत्तर वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उजळला.

"तीन? अवो तीनच्या वर भरंल. सुंदरा रोज अंधारून येतीया. डोळं झाकून लिवा तीन."

"डोळे उघडे ठेवून मोजायचंय मामा."

शनिवारी दुपारी तिने होलांची लांबी मोजायचं चाक घेतलं. दांड्याच्या टोकाला सायकलसारखं चाक, वर आकड्यांची पेटी. ढकलत नेलं की मीटर पडत जातात. आधी तिने ते शंभर मीटरच्या टेपवर चालवून पाहिलं. शंभर आले.

तारेपाशी चाळीस मेंढ्या तयार होत्या. सुंदरामामीने चाकाकडे बघून पदर तोंडाला लावला. "ह्ये काय, सायकल मोडली का बाई तुमची?"

"मामी, तुम्ही रोजच्यासारखं चला. मी मागून येते."

"रस्त्याच्या मदून सरळ जाऊ नगा," मामांनी बजावलं. "रस्ता सरळ जातोय, मेंढरं जात न्हाईत. पांढऱ्या चट्ट्याचीच्या मागं ठिवा चाक. ती जाईल तशी."

ते बरोबर होतं, आणि मोजण्याची पद्धत म्हणूनही बरोबर होतं. हर्षालीने चाक पुढच्या मेंढीच्या मागे ठेवलं. मेंढी बांधावरून उतरली, चाक उतरलं. मेंढी बाभळीखाली शेंगा शोधत गोल फिरली, चाकही गोल फिरलं. ऊस लागल्यावर मामीने मोबाइलवर गाणं लावलं, आवाज पुरता वाढवला, आणि हातातली काठी पत्र्याच्या डब्यावर मारत चालू लागली. दोन्ही बाजूंनी डोक्यावर ऊस. मेंढ्या एकमेकींना चिकटल्या आणि एकदम भरभर, सरळ रेषेत निघाल्या. वळण नाही, थांबणं नाही. हर्षालीला पळावं लागलं. जिथे मेंढ्या सगळ्यात जास्त घाबरल्या होत्या तिथे चाकावर सगळ्यात कमी आकडे पडत होते.

पाण्यावर पोचल्या तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. तिने पेटीवर बोट फिरवून धूळ पुसली. दोन हजार नऊशे सेहेचाळीस.

"किती?" मामांनी विचारलं. ते आडवाटेने मैदानातून येऊन पाण्याच्या काठी थांबले होते.

तिने सांगितलं.

"म्हंजी तीन झालंच की."

"चोपन्न मीटर कमी."

मेंढ्या पाणी पीत होत्या. मामा म्हणाले, "चाक हलकं फिरलं आसंल."

"उद्या परत मोजू," ती म्हणाली. "एका मापावर तसंही काही ठरत नसतं."

रविवारी तिने चाक पुन्हा टेपवर तपासलं. पुन्हा शंभर. तीच मेंढी, तीच वाट. या वेळी बाभळीखाली शेंगा नव्हत्या, मेंढी तिथे थांबली नाही. उसात ती जरा आडवी गेली, एवढंच. पाण्याच्या काठावर, खुरं भिजली तिथे, हर्षालीने चाक थांबवलं आणि आकडा दोनदा वाचला.

मामी डबा खाली ठेवून दम घेत होती. मामा जवळ आले, पेटीवर वाकले. त्यांना आकडे वाचता येत होते.

"कमीच झालं की अजून."

"हो."

"ताई, एक मेंढरू उदळलं तर येवढं मागं-म्होरं व्हतं."

"हो मामा."

"आन त्यांला पुन्यात काय कळनार हाय? चाक कुनी बगितलंय?"

"मी बघितलंय."

मामा वळले आणि पाण्यात फार आत गेलेल्या एका मेंढीला त्यांनी खडा मारला. "लिवा मग," ते पाठमोरेच म्हणाले. "काय आलं त्ये लिवा."

हर्षाली दगडावर बसली. वही गुडघ्यावर उघडली, तारीख टाकली, चाकाच्या तपासणीचे दोन्ही आकडे लिहिले, आणि त्याखाली लिहिलं:

पहिली फेरी २,९४६ मीटर. दुसरी फेरी २,९३० मीटर. सरासरी २,९३८ मीटर.